बाईंचे चार सेट

आमच्या बाईंसमोर कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणायची सोय नव्हती. "आज ऊन लई हाय," असं कुणी सहज म्हटलं, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशाच्या मानानं?" कालच्या मानानं, मागच्या वैशाखाच्या मानानं, की नांदेडच्या मानानं? उत्तर देता आलं नाही तर ऊन जास्त आहे हे त्या मान्यच करत नसत, मग भले समोरच्याच्या कपाळावरून घाम निथळत असो.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती लातूरला खोली बघायला गेल्यावर. मला पोलीस भरतीची तयारी करायची होती आणि माझे वडील, अण्णा, मला घेऊन हदगावहून एसटीनं आले होते. खोली बघून अण्णा म्हणाले, "ब्येस हाय की खोली, मॅडम."

"मॅडम बँकेत असतात. मी बाई आहे," त्या म्हणाल्या. "आणि ब्येस कशाच्या मानानं?"

"म्हंजी?"

"आजपर्यंत किती खोल्या बघितल्या?"

"हीच पयली."

"मग ब्येस आहे हे कशावरून ठरवलं? जा, गल्लीत अजून चार घरं बघा आणि मग या."

अण्णांनी शेतात उभं आयुष्य काढलेलं, पण त्यांना असं कुणी हाकललं नव्हतं. ते मुकाट्यानं गेले. मी ओट्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ते टोपीनं तोंड पुसत परत आले आणि म्हणाले, "त्या तिसऱ्या घराला पाणी जास्त येतंय. मालकीण चहा बी देती."

बाई खूश झाल्या. "आता कसं बोललात! मग तिथंच ठेवा ना पोरीला."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तिथल्या मालकिणीनं काहीच इचारलं न्हाई. पोरगी ठिवायची तर इचारणारं माणूस बरं."

बाई आत जाऊन माडीची किल्ली घेऊन आल्या.

पण खोली अजून मिळाली नव्हती. माझी परीक्षा बाकी होती. बाईंनी मला माडीवरच्या खोलीत पाठवलं, दार लावायला सांगितलं आणि खाली अंगणात उभं राहून टाळी वाजवली. टाळी ऐकली की जिना उतरून अंगणात यायचं, एवढाच पेपर. मी आले. "चप्पल घालायला थांबलीस," त्या म्हणाल्या. "परत जा." दुसऱ्यांदा मी अनवाणी आले आणि पास झाले.

ही परीक्षा भूकंपामुळे होती. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती. बाईंच्या घराला त्यात साधा तडाही गेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्या मदतीच्या ट्रकमधून तिकडं गेल्या आणि परत आल्या त्या छताखाली झोपेनाशा झाल्या. त्यांनी अंगणात पत्र्याची खोली उभी केली आणि तिथंच राहू लागल्या. यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, बाई पत्र्याखालीच. पक्क्या घराच्या खोल्या भाड्यानं. "बाई, तिकडं दगडामातीची घरं पडली. स्लॅबचा काय दोष?" असं कुणी समजावलं तर म्हणायच्या, "स्लॅबला अजून संधी मिळाली नाही."

"मग आम्हाला कसं काय ठेवता स्लॅबखाली?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही पळाल," त्या म्हणाल्या.

त्यांचं भाडेकरूंचं धोरण असं सरळ होतं. त्यांची गल्ली म्हणजे लातुरातल्या क्लासवाल्यांची गल्ली. दर घराच्या गच्चीवर मेडिकलची तयारी करणारी पोरं, दर कोपऱ्यावर मेस. बाईंनी स्वतः आधी कॉलेजात आणि मग क्लासमध्ये आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलेली. पण घरात एकही मेडिकलची पोरगी ठेवायच्या नाहीत. "धरणी हलली तर त्या आधी नोट्स गोळा करत बसतील," म्हणायच्या. त्यांना हव्या होत्या पळणाऱ्या मुली. त्यामुळे त्या अख्ख्या गल्लीत फक्त आमच्या घरात पोलीस भरतीवाल्या होत्या आणि पहाटे आम्ही बूट घालून निघालो की गच्च्यांवरची पोरं पुस्तकातून मान वर काढून आमच्याकडे बघायची.

आम्ही तिघी होतो. बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी हदगाव. दुसरी मुरुड, कोकणातलं नव्हे, लातूरजवळचं, गुडघ्याएवढी वेणी असलेली आणि भांडायला कायम तयार. तिसरी बिलोली, अंगानं दणकट, गोळाफेकीत पहिली, घरात अर्धं तेलुगू बोलणारी. "ए मुरुड, बिलोलीला सांग हदगाव अजून झोपलीय," असं त्या अंगणातून ओरडल्या, की नव्या माणसाला वाटायचं, आकाशवाणीवर गावोगावचं हवामान चाललंय.

बाई मूळच्या नांदेडच्या, लग्नानं लातूरच्या. दोन्ही शहरांची तुलना हा त्यांचा जन्मभराचा उद्योग होता. नांदेडचं पेढ्याचं दुकान आणि लातूरचं, नांदेडचे रिक्षावाले आणि लातूरचे. लातूरला नळ कधीतरी येणार आणि तेव्हा सगळी गल्ली घागरी घेऊन उभी राहणार. अशा वेळी बाई हमखास माहेर काढायच्या. "नांदेडला नदी आहे, लातूरला क्लास आहेत," त्या म्हणायच्या. "बुडतात दोन्हीकडं."

माझी कथा त्या वर्षीच्या भरतीशी बांधलेली आहे. ती माझी शेवटची भरती होती. त्यानंतर वय संपत होतं. घरचे लग्नाची सक्ती करत नव्हते, उलट अण्णा गावात सांगत फिरायचे की पोरगी फौजदार होणार. मी शिपायाच्या जागेसाठी पळत होते, पण अण्णांनी बढती आधीच देऊन ठेवली होती. मला ती वर्दी इतकी हवी होती की दुकानात खाकी कापड दिसलं तरी मी थांबायची. आणि ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, दोन-अडीच महिने उरले असताना, सरावात शेवटच्या शंभर मीटरला जोर लावला आणि उजव्या मांडीच्या मागं कुणीतरी दोरी तोडावी तसं झालं. मी तिथंच बसले.

आम्हाला पळवणारे अकॅडमीचे सर होते. रिंग रोडला त्यांचं मैदान, मैदानाच्या टोकाला पत्र्याचं ऑफिस. ते रागावले नाहीत, उलट खूश झाल्यासारखे दिसले. "काळजी नको. आता पेप्टाइड आलेत," ते म्हणाले.

मुरुडचा गुडघा आधीच दुखत होता आणि बिलोलीचा खांदा गोळ्यानं धरला होता. म्हणजे तिघी गिऱ्हाईक. सरांकडे प्रत्येक दुखण्याला वेगळं पेप्टाइड होतं. पांढऱ्या पावडरीचा डबा होता, तो कोलॅजनचा, पाण्यातून घ्यायचा. कॅप्सूल होत्या, त्यांचं नाव बीपीसी एकशे सत्तावन्न. आणि काचेच्या इवल्या बाटल्या होत्या, त्या टीबी पाचशेच्या. त्यातलं औषध पाण्यात कालवून सुईनं पोटाच्या कातडीत घ्यायचं, आणि ती सुई सर स्वतः ऑफिसात टोचणार. मुरुडनं घरी फोनवर हे सांगितलं तर तिची आई किंचाळली, "टीबी इकत घिऊन राहिलीस का गं?"

आम्ही तिन्ही प्रकार विकत आणले आणि संध्याकाळी जिन्यावर बसून कोणतं चांगलं यावर वाद घालायला लागलो. लातुरात राहून दुसरं काय शिकणार? इथं पोरं फिजिक्सला कोणते सर आणि बायोला कोणत्या मॅडम यावर जशी रात्रंदिवस तोंडं वाजवतात, तसंच आमचं चाललं होतं.

"स्नायूला टीबी पाचशे," मुरुड म्हणाली. "सर म्हणले, घोड्याला बी देतेत."

"अय्यो, तू घोडा हाईस का?" बिलोली म्हणाली. "बीपीसीच चांगलं. शिरा जुळतात त्यानं."

"कोलॅजन समद्यात सेफ हाय," मी म्हणाले. "पण लई हळू. मला जल्दी पाहिजे. मी सुईच घेणार."

"कशाच्या मानानं हळू?" पत्र्याच्या खोलीतून आवाज आला.

आमचं संपलं. बाई बाहेर आल्या, त्यांनी तिन्ही वस्तू मागून घेतल्या आणि भिंग लावून लेबलं वाचली. बाटलीवरचं लेबल वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी चांगला विद्यार्थी सापडल्यासारखा आनंद दिसला.

"हदगाव, तू माणूस आहेस का?"

"हाव."

"मग विषय मिटला. इथं लिहिलंय, फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. जनावराचं पण नाव नाही. म्हणजे मुरुडचा घोडा पण गेला."

"पण बाई, समदे घेतेत," मुरुड म्हणाली.

"उभ्या राहा तिघी," बाई म्हणाल्या. "हात धरा एकमेकींचे."

आम्ही अंगणात हात धरून उभ्या राहिलो. लंगडणारी एक, गुडघा धरणारी एक, खांदा वाकडा झालेली एक. बाई स्वयंपाकाच्या ओट्यावरून उलथनं घेऊन आल्या. "तुम्ही तिघी तीन अमिनो आम्लं. हात धरलेत तोवर तुम्ही पेप्टाइड. आता तुम्ही कॅप्सूलमधून पोटात गेलात. मी जठर." असं म्हणून त्यांनी उलथन्यानं आमच्या हातांवर असे फटके मारले की आम्ही ओरडत तीन दिशांना पांगलो. गच्चीवरची मेडिकलची पोरं टाळ्या वाजवू लागली.

"झालं," बाई म्हणाल्या. "जठराला तुमच्या सरांनी सांगितलंय का, की हा माल गुडघ्यासाठी राखीव आहे, याला हात लावू नको म्हणून? वरणातली डाळ असू द्या की तुमचा डबा, जठर सगळ्यांना तोडतं. जास्तीत जास्त एखादी जोडी हात न सोडता निसटेल. ती गुडघ्यालाच जाईल, याची काय हमी?"

"अन् सुईनं घेतलं तर?" मी विचारलं. मला जठर नको होतं, मला मांडी हवी होती.

बाईंनी उलथनं खाली घेतलं. "सुईनं घेतलं तर ते तुटणार नाही. मग ते आत काहीतरी करेल. काय करेल, ते उंदरांना थोडं माहीत आहे, माणसांना नाही. आणि या बाटलीत खरंच तेच आहे का, हे तर उंदरांनासुद्धा माहीत नाही. खेळात यावर बंदी आहे ते वेगळंच."

मी फुरंगटून बसले. त्या वयात खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, मला तर आजही येतो.

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. लातुरातले निम्मे डॉक्टर त्यांचे विद्यार्थी. हे डॉक्टर चांगले टक्कल पडलेले, बाहेर पेशंटची ही गर्दी, पण बाई आत शिरताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. त्यांनी आम्हाला तपासलं आणि तिघींना जवळजवळ सारखंच सांगितलं. काही दिवस विश्रांती, मग हळूहळू व्यायाम, मग हळूहळू पळणं, आणि घाई नाही. माझ्याबद्दल म्हणाले, "ग्राउंडपर्यंत होईल बहुतेक. पण मधे जोर लावला तर परत तुटेल."

"बहुतेक म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"बाई, बहुतेक म्हणजे बहुतेक," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही तिघी हिरमुसलो. गोळी नाही, मलम नाही, साधी पट्टीसुद्धा नाही. असा डॉक्टर काय कामाचा? मुरुड तर उघडच म्हणाली, "मी उद्या सुई घेणार." मीही मनातून तेच ठरवलं होतं.

बाईंनी आमच्या चेहऱ्यांवरून ते वाचलं असणार. कारण संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं. "ठीक आहे. घ्यायचंच आहे ना? मग नीट तुलना करून घ्या. माझ्या घरात तुलना केल्याशिवाय कुणी काही गिळायचं नाही. तिन्ही माल माझ्याकडं जमा करा. मी पुड्या बांधते. सेट अ, ब, क, ड. मुरुडला अ, बिलोलीला ब, हदगावला क. ड मी घेते, माझा पण खांदा धरलाय. कुणाच्या पुडीत काय, ते फक्त मला माहीत. शेवटी बघू कोणता सेट पहिला येतो."

"अन् ते सुईचं?" मुरुडनं विचारलं.

"तुलना करायची तर सगळं पोटातूनच. एकीला सुई आणि एकीला चमचा, असं चालेल का? एकीला पुस्तक बघून पेपर लिहू देतात का?"

हे आम्हाला पटलं. परीक्षेच्या भाषेत सांगितलं की लातुरात काहीही पटतं.

"आणि बाकी सगळं समान पाहिजे," बाई म्हणाल्या. "झोप समान, जेवण समान, व्यायाम डॉक्टरनं सांगितला तेवढाच. एकजण चोरून पळाली तर तुलना बिघडली. तिला निगेटिव्ह मार्किंग." शिवाय आम्ही तिघी आता पळू शकत नव्हतो, म्हणजे माडीवर राहायला नापास. त्या रात्रीपासून आमच्या गाद्या खाली पत्र्याच्या खोलीत आल्या.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. पत्रा दिवसा असा तापायचा की आत पापड भाजावा. सकाळी चहाबरोबर पुड्या. माझ्या क पुडीला खमंग, थोडी तिखट चव होती आणि ती घेतली की मांडीत गरम-गरम काहीतरी उतरतंय असं मला स्पष्ट जाणवायचं. पुड्या झाल्या की हजेरी. "मुरुड, दुखणं?" "दहापैकी सात." "कालच्या मानानं?" "कालच्या मानानं अर्धं कमी." मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या, जिन्याची एक पायरी चढायची-उतरायची, आणि बाई खुर्चीत बसून स्वतःचा खांदा गोल फिरवत आमच्यावर नजर ठेवणार. एकदा मुरुड दूध आणायला म्हणून गेली आणि कोपऱ्यापर्यंत पळाली. बाईंनी तिला दुपारचा आमरस दिला नाही, पोळी कोरडी दिली. परत कुणी पळालं नाही.

बघता बघता आम्हाला आमच्या सेटचा अभिमान वाटू लागला. मुरुड म्हणायची, अ म्हणजे नक्की टीबी पाचशे, एवढा जोर दुसऱ्या कशात नाही. बिलोलीला वाटायचं, ब मुळे तिचा खांदाच नाही, केसही गळायचे थांबले. मी क सोडून दुसऱ्याचं नाव ऐकून घेत नव्हते. आम्ही खरंच सुधारत होतो. आधी चालणं, मग भरभर चालणं, मग मैदानाला एक हलकी फेरी. गल्लीत ही बातमी पसरली. पलीकडच्या होस्टेलची एक पोरगी पाय मुरगळून आली आणि म्हणाली, "बाई, क सेट मिळेल का?" शेवटी एके दिवशी खुद्द अकॅडमीचे सर मोटारसायकलवरून आले. त्यांच्या इतर गिऱ्हाइकांपेक्षा आमचे पाय आधी बरे होत आहेत हे त्यांनी पाहिलं होतं.

"मॅडम, तो अ कुठून मागवला?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"प्रवेश बंद," बाई म्हणाल्या. "आणि मॅडम बँकेत असतात."

ग्राउंड नांदेडला होतं. बाई बरोबर आल्या. पूल आला तेव्हा खिडकीतून गोदावरी दाखवत म्हणाल्या, "ही बघा, लातूरच्या मानानं." फाटकाच्या आत त्यांना सोडत नव्हते, म्हणून त्या बाहेर लिंबाखाली लिंबू-पाण्याची बाटली धरून उभ्या राहिल्या.

मुरुड धावली आणि वेळेत आली. बिलोलीनं गोळा असा फेकला की माप घेणारा हवालदार मागं सरकला. मग माझा गट. मी चांगली सुटले. पाय हलका होता, दम पुरत होता, पहिली फेरी मी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटी जोर लावायची वेळ आली आणि मांडीत तीच जुनी दोरी ताणली. तुटली नाही. पण मला वाटलं, तुटेल. मी जोर लावायला घाबरले आणि तेवढ्यात दोघी बाजूनं निघून गेल्या. माझी वेळ थोडक्यात हुकली. किती थोडक्यात, ते सांगत नाही. मला अजून ते तोंडातून काढवत नाही.

फाटकाबाहेर आलो. मुरुड बिलोलीला मिठी मारून नाचत होती. "अ पयला आला!" "चल्! ब पयला!" मला बघून दोघींनी एकमेकींना सोडलं. मी बाईंसमोर उभी राहिले आणि मला रडू फुटलं. "माझाच सेट खराब निघाला," मी म्हणाले. "मला अ द्यायचा होता. तुम्ही मला क दिला."

बाई सगळं ऐकून घेऊ शकत होत्या, चुकीची तुलना ऐकून घेऊ शकत नव्हत्या. तिथंसुद्धा नाही.

"चारी सेट एकच होते," त्या म्हणाल्या. "फुटाण्याचं पीठ, सुंठ आणि चिमूटभर मीठ. अगं, परीक्षेत सेट चार असतात, पण प्रश्न तेच असतात. इतकी वर्षं लातुरात राहून एवढं कळलं नाही?"

त्यांनी पिशवीतून डबा, कॅप्सूल आणि बाटल्या काढल्या. सगळं सीलबंद. "ही तुमची अमानत."

बिलोली आधी हसली, मग माझ्याकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मी हसले नाही. मी बाईंना तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही फसवलं, तुम्ही माझं वाटोळं केलं, मी सुई घेतली असती तर आज आत असते. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी लातूरला परत गेलेच नाही. तिथूनच हदगावची एसटी धरली.

घरी अण्णांनी काही विचारलं नाही. गावात मात्र फौजदारांचं काय झालं हे सगळे विचारत होते. मी घराबाहेर पडणं बंद केलं.

चार-सहा दिवसांनी दुपारी बाई आल्या. लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, उभ्यानं आल्या असणार, कारण पदर चुरगळलेला होता. आईनं आत बोलावलं तर वर छताकडे बघून म्हणाल्या, "बाहेरच बरं आहे," आणि अंगणातल्या बाजेवर टेकल्या. अण्णांनी तांब्याभर पाणी दिलं आणि ते गोठ्याकडं निघून गेले. मी दारात उभी राहिले.

"फसवलं, त्याची माफी मागायला आले," बाई म्हणाल्या. "बाटलीला हात लावू दिला नाही, त्याची मागणार नाही."

"ती सुई घेतली असती तर मी पास झाले असते."

"झाली असतीस," त्या म्हणाल्या. मी चमकून बघितलं. "किंवा पाय सुजून ग्राउंडपर्यंत पोचलीच नसतीस. किंवा झालं हेच झालं असतं. मी रोज ते ताडून बघून राहिले आहे, जमत नाही. ते कळायला मला दुसरी हदगाव पाहिजे होती. तुझ्याच वयाची, तुझ्याच पायाची. तिला सुई टोचून तुझ्या बाजूला पळवली असती, म्हणजे कळलं असतं." त्यांचा आवाज फाटला. उभ्या जन्मात वर्गासमोर तो कधी फाटला नसेल. "दुसरी नाही गं. एकच आहे. म्हणून नाही टोचू दिलं."

मी उंबऱ्यावर बसले आणि इतके दिवस न आलेलं सगळं रडू एकदम आलं. माझी वर्दी गेली होती ती गेलीच होती, त्यात काही बदलणार नव्हतं. माझा रागही लगेच गेला नाही, तो जायला पुढं बरीच वर्षं लागली. पण त्या दुपारी मला एवढं कळलं, की माझ्या हरण्यानं या बाईची झोप उडाली आहे, आणि ती माझी कुणी लागत नाही.

बाई बाजेवरून उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या. आईला म्हणाल्या, "थोडं तेल कोमट करून द्या." मग माझा उजवा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि नांदेडची शेवटची गाडी येईपर्यंत, एकही प्रश्न न विचारता, त्या तो चोळत बसल्या.